वरवंट्याच्या जागी ठेवलेला क्रॉस

हे खरं आहे. पटलं नाही तर नाही पटलं, मी वाद घालणार नाही. तेवढी ताकद सध्या माझ्यात नाही.

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. डब्लिनजवळ ल्यूकनला आम्ही भाड्याच्या घरात राहतो. त्या दिवशी मुक्ताचं बारसं होतं. दुपार सरते न सरते तोच बाहेर अंधार पडला होता.

मुक्ता जन्मल्यापासून रडत होती. मी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरायचे. तिच्या टाळूला दुधाचा वास येतो. इतकं गोड बाळ... पण मला आतून काहीच वाटत नव्हतं.

पाळणा सजला आणि ऐनवेळी लक्षात आलं, वरवंटाच नाही.

बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. इथे आमचं सगळं मिक्सरवर. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगं, काहीही जड घे. झबलं घाल अन् ठेव."

माझी नणंद सुरुची शहराच्या दुसऱ्या टोकाला, चेरीवूडला असलेलं ऑफिस अर्धं टाकून आली होती. जिन्याखालच्या कपाटात घरमालकाने तसंच ठेवलेलं कुणाचं तरी जुनं सामान होतं. तिथून तिने एक लांबट, जड लाकडी पेटी काढली. आत काळ्या रेशमी फितीवर पांढरा क्रॉस.

आठ टोकांचा.

"मेडल दिसतंय," ती हसली. "वहिनी, लेक मेडलं मिळवणार बघ!"

पेटीला झबलं घातलं. टोपडं घातलं.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..."

मी वाकून पाळण्याखालून पेटी पुढे केली. पलीकडून दोन हातांनी ती घेतली. बोटं गार होती...

मी मान वर केली. सुरुची अजून निरांजन लावत होती.

"दे ना वहिनी."

"दिली की."

पेटी पाळण्यात होती. टोपडं उशीवर टेकवून, नीट निजवलेली.

सगळ्यांना वाटलं मीच ठेवली. मग मुक्ताला पाळण्यात घातलं. सुरुचीने तिच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं, पाठीवर धपाटे खाल्ले.

आणि मुक्ता गप्प झाली.

त्यानंतर ती रडलीच नाही. भूक लागली तरी नाही. ओली झाली तरी नाही. पाळण्याच्या एकाच बाजूला बघत पडून राहायची. खोलीत एक लाकडी खुर्ची आहे. मी ती भिंतीला लावून जायचे. परत येईपर्यंत ती पाळण्याजवळ असायची.

आणि खाली स्वयंपाकघरात मला वर तिच्या खोलीतून ऐकू यायचं...

श्श... श्श...

माझा नवरा हृषीकेश टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्याने मुक्ताला नीट तपासलं. इथे सगळे 'छान, ठीक' याला 'ग्रँड' म्हणतात, आता तोही म्हणतो. "वजन वाढतंय, ताप नाही. ग्रँड आहे गं ती! लोक असं शांत बाळ व्हावं म्हणून नवस करतात."

"ती मला बोलावत नाही, हृषी."

तो हसला. त्याची ड्युटी होती.

मग एकदा शेजारच्या ऑलिव्हबाई केक घेऊन आल्या. टेबलावर ती पेटी दिसली आणि त्यांचा हात थांबला.

"हे अजून इथेच?"

तुमच्या आधी इथे आर्थर राहायचे, त्या म्हणाल्या. प्रॉटेस्टंट सरदारांच्या एका जुन्या ऑर्डरचे, म्हणजे सेवासंघाचे. मूळचे हे लोक धर्मयुद्धांच्या काळात आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे. पुढे त्यांच्यातली एक शाखा प्रॉटेस्टंट झाली, चिन्ह मात्र हेच राहिलं. आर्थर तर गल्लीत कुणी आजारी पडलं की खुर्ची ओढून उशाशी बसायचे.

"माणूस गेला की क्रॉस ऑर्डरकडे परत पाठवायचा असतो, लव्ह. तेव्हा त्याची सेवा संपते. पण आर्थरला कुणीच नव्हतं."

"ते बाळांजवळ बसायचे?"

"बाळांजवळ? छे. फक्त आजाऱ्याजवळ."

म्हणजे मुक्ता आजारी होती? कारण न सांगता मी हृषीकेशच्या मागे लागले. हृषीकेशने मुक्ताचं रक्तसुद्धा तपासून आणलं. सगळं नॉर्मल. क्रॉस ऑलिव्हबाईंनी पोचता केला, ऑर्डरच्या लोकांचा आभाराचा फोनही आला.

खुर्ची पाळण्याजवळच यायची.

"आपण नुसतं घ्या म्हटलं नाही," मी सगळं सांगितल्यावर सुरुची फोनवर म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "पाळण्यात घालून घरातलं केलं, वहिनी."

काल दुपारी मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हल्ली अशीच पडते. अंधारलं तरी दिवा लावायचा राहून जातो.

आणि मुक्ता रडली.

बारशानंतर पहिल्यांदा. कळवळून, हुंदके देत. ती मला बोलावत होती. मी उठायला हवं होतं. मला उठता येईना.

माझ्या पाठीमागे लाकूड करकरलं...

मी वळले. पाळण्याजवळ खुर्ची नव्हती.

ती माझ्या उशाशी होती.

श्श...

मुक्ता रडतच होती. म्हणजे ते तिच्यासाठी नव्हतं.

मी कशी उठले ते आठवत नाही. तिला उचललं. तिचे कान रडून लाल झाले होते. मी एकेका कानाचा पापा घेतला. आत अजूनही काही हललं नाही.

हृषीकेशला यातलं काही सांगितलेलं नाही. रात्री त्याने विचारलं, "तू बरी आहेस ना?"

मी म्हटलं, "ग्रँड."

आत्ता मुक्ता माझ्या मांडीवर झोपली आहे. खुर्ची मी सकाळीच खाली नेऊन ठेवली होती.

ती परत वर आली आहे.

माझ्याकडे तोंड करून...