सेल्सोने भरलेला दुसरा पेला

उबाल्दो वजडी आणायला बाहेर पडला होता, एवढंच. एरवी यात सांगण्यासारखं काय आहे? आणि मला हे नीट सांगता येईल की नाही, तेही ठाऊक नाही, पोरांनो. आयुष्यभर मी तर्कशास्त्र शिकवलं, पण या एका गोष्टीत कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते मला अजून लावता आलेलं नाही. उबाल्दो मात्र माझ्या वरच्याच मजल्यावर राहायचा. जमिनीची मोजणी करण्यात हयात गेलेला माणूस. गोष्टी रंगवून सांगणं त्याला जमायचंच नाही.

रात्र तुम्हालाही आठवेल. दोन हजार पंचवीसचा एप्रिल, अठ्ठावीस तारीख, सोमवार. भरदुपारी सगळ्या देशाची वीज गेली ती रात्र. आमच्या थामोरा शहरात पावणेदहाला पुरता काळोख झाला होता.

त्याची बायको निएवेस नाताळपासून अंथरुणाला खिळलेली होती. छातीचं दुखणं. शेवटच्या आठवड्यात तर तिने अन्नाला तोंडच लावलं नव्हतं. सूप समोर आणलं की मान फिरवायची. डॉक्टरांनी उबाल्दोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, काहीही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या. त्या संध्याकाळी ती आपणहून म्हणाली,

"आज सोमवार ना रे? सेल्सोकडे वजडी असेल."

"खाशील?"

"आण तर खरं. आणि आपलं पातेलं ने. त्याच्या त्या प्लास्टिकच्या डब्याचा वास लागतो."

ती थोडी झोपली. अंधार पडला तसं उबाल्दोने पातेलं फडक्यात घेतलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं, आणि कठडा चाचपत जिने उतरला. आज ती खाणार, या एकाच गोष्टीचा त्याला आनंद झाला होता.

सेल्सोचा बार म्हणजे काही विशेष नाही. ॲल्युमिनियमच्या चौकटीचं काचेचं दार, लांब काउंटर, पाय डुगडुगणारी स्टुलं. पण सेल्सो कुणाला काय हवं ते विचारत नाही. तुम्ही काचेतून दिसलात की त्याचा हात आपोआप बाटलीकडे जातो. तुम्ही काउंटरशी पोचेपर्यंत तुमचा पेला भरलेला असतो आणि शेजारी बशीत दोन घास. माणसं एवढ्यासाठीच तिथे जात असावीत, असं मला वाटतं. आपण कोण, ते तिथे सांगावं लागत नाही. चुकतही असेन मी.

त्या रात्री आत गॅसची शेगडी चालू होती. काउंटरवर दोन मेणबत्त्या होत्या आणि सेलवरचा रेडिओ खरखरत होता. आमच्या इमारतीतला रंगारी रेमिखिओ तिथे ठाण मांडून बसला होता.

"या मोजणीदार! लिफ्ट बंद पडली म्हणून आज पाय वापरलेत वाटतं."

"वीज गेली तरी तुझी जीभ चालूच?"

"ती गॅसवर चालते."

माणसं हसली. उबाल्दोने पातेलं सेल्सोकडे दिलं आणि नेहमीच्या जागी बसला. त्याच्यापुढे वेरमूत वाइनचा पेला आधीच आला होता. मग सेल्सोने भिंतीच्या बाजूला, शेजारच्या स्टुलासमोर, द्राक्षाच्या रसाचा छोटा पेला ठेवला. धुरावलेल्या मिरचीच्या लाल रश्शातल्या वजडीच्या दोन बश्या ठेवल्या. एक इकडे, एक तिकडे. दोन्हींवर पावाचा तुकडा.

"हा कुणाला?"

"निएवेसला," सेल्सो पाठमोराच म्हणाला. तो पातेलं भरत होता. "बरं वाटतंय की तिला. एवढे जिने उतरली म्हणजे..."

"सेल्सो, मी एकटा आलोय."

सेल्सो वळला. पळी हातात तशीच.

"तुझ्यामागून आली ना रे. दार तिनेच लोटलं."

"म्हातारा झालास, सेल्सो," रेमिखिओ म्हणाला. "डोळे तपासून घे."

या वेळी कुणी हसलं नाही.

भिंतीकडच्या टोकाला मेणबत्तीचा उजेड पोचत नव्हता. उबाल्दोच्या डाव्या हाताला नुसता काळोख. त्याने मान वळवली नाही. मी त्याला विचारलं, भीती वाटली का? तो म्हणाला, नाही. हात अंगाखाली दबून बधिर झाला की आपला वाटत नाही ना, तसं सगळ्या अंगाचं झालं. डोक्यात एकच हिशेब चालू होता. स्टूल रिकामं असेल, तर घरी निएवेस वाट बघते आहे. रिकामं नसेल... तर घरी कुणीच वाट बघत नाही.

त्याने बशी पुढे ओढली आणि खायला लागला.

सेल्सोने रेडिओ बंद केला.

मग ऐकू आलं. डावीकडे. पाव मोडल्याचा आवाज. सावकाश. मग थांबणं. मग पुन्हा...

"आजोबा, त्यांनी घरी धावत जायचं ना!"

माईते, मीही त्याला हेच म्हटलं. अगदी याच शब्दांत. तो म्हणाला,

"ती जेवत होती रे. अर्ध्यावरून कसं उठू?"

...

त्याने घास लहान केले. तिच्याआधी संपू नये म्हणून. बशीवरून पाव फिरवल्याचा आवाज आला. एकदा. दुसऱ्यांदा. मग काही नाही.

स्टूल सरकलं.

दाराकडून गार हवा आली.

सेल्सोने पातेलं पुढे केलं. फडक्याला त्याने दोन गाठी मारल्या होत्या. भिंतीकडे तोही बघत नव्हता.

"जा घरी," एवढंच म्हणाला.

जिन्यात काहीच दिसत नव्हतं. पातेलं छातीशी गरम लागत होतं. त्याने कुलूप काढलं. हाक मारली.

"निएवेस?"

...

पुन्हा मारली नाही. पातेलं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच खुर्चीवर बसला. खोलीचं दार बंद होतं. उजाडेपर्यंत त्याने ते उघडलं नाही. उजाडल्यावर खाली येऊन माझं दार वाजवलं. "तू बघ," म्हणाला. "माझ्याने होत नाही."

डॉक्टर नंतर म्हणाले, काळोख पडायच्या सुमारास, झोपेतच गेली असावी.

"आजोबा, डॉक्टर चुकले असतील. ती खरंच उठून खाली गेली असेल..."

कुलूप बाहेरून होतं, पोरी. किल्ली त्याच्याच खिशात. टेबलावरच्या फडक्याच्या गाठीही तशाच होत्या. मी हात लावून पाहिल्या. मी सगळं तपासतो, ती माझी खोड आहे.

मग मी आत गेलो. पडदा सारला. ती पाठीवर झोपली होती, चादर गळ्यापर्यंत. कपाळाला हात लावला. दगडासारखं गार.

ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी चकाकलं. मी बोटाने पुसलं. लाल तवंग होता. धुरावलेल्या मिरचीचा वास.

कोमट होता.