दिवा परत लावा

खोपटच्या कंट्रोल रूममध्ये बसून वैशाली दिवसभर एकच मंत्र जपायची : "दिवा बंद करा, जरा थांबा, परत लावा." मोडेमचा हिरवा दिवा एकदा घालवून लावला की लाईनची बहुतेक दुखणी पळतात. बाकीचं शिक्षण पगारापुरतं, असं ती हसून म्हणायची.

त्या दिवशी कोपरीच्या पाणी मोजणाऱ्या टर्मिनलची लाईन सारखी तुटत होती. खाडीकाठी भिवा म्हात्र्यांच्या घरात ते बसवलेलं. खाडीचं पाणी किती चढलं ते खोपटला पडद्यावर यायचं, आणि त्याखाली भिवाकाका रोज न चुकता टाइप करायचे : भिवा हजर. परवापासून ते आलं नव्हतं. त्यात आज उधाणाची भरती. खालच्या चाळींना सावध कोण करणार? वैशालीने फोन लावला. काकांच्या बायकोने, रंगूबाईंनी, उचलला.

"काका आहेत का?"

"नाय गो... ते नाय आता."

बाहेर गेले असतील असं धरून वैशाली घाईने म्हणाली, "मग तुम्हीच बघा, मावशी. कोपऱ्यात दिवा लागलाय?"

"लागलेला हाय."

"तो बंद करा."



"दिवा...? मालवू?"

"हो. त्याशिवाय लाईन नाही येणार. इथे सगळे अडकलेत."

मग एक लांब फुंकर ऐकू आली. वैशालीला वाटलं, वारा असेल.

"आता परत लावा."

पडद्यावर आकडे उमटायला लागले, आणि तिने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ती नवा मोडेम घेऊन कोपरीला गेली. घरात तेलाचा आणि उदबत्तीचा कोंदट वास. भिंतीवर काकांचा फोटो, त्याला ताजा हार. कोपऱ्यात जमिनीवर पीठ पसरून टोपली पालथी घातलेली, शेजारी विझलेली पणती. वरच्या फळीवर मोडेम, आणि त्याची वायर उंदरांनी पार कुरतडून तोडलेली.

वैशालीच्या घरी कुणी वारलं की बुद्धवंदना म्हणत; हे पीठ-टोपलीचं, पिठात गेलेल्याचं पाऊल उमटतं ते, तिने शेजाऱ्यांकडून ऐकलेलं. गेलेल्याच्या जागी लावलेला दिवा विझू द्यायचा नसतो, एवढं मात्र तिला ठाऊक होतं.

"मावशी, काल तुम्ही... हा दिवा?"

"तूच बोललीस ना, सगले अडकलेत." रंगूबाईंच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसवेना. "मंगा लावाया गेले. तेल हाय, वात हाय. पन धरतच नाय. आता त्यांना वाट कशी दिसल गो?"

वैशालीने काडीमागून काडी ओढली. ज्योत वातीला टेकायची आणि विझायची. तिला रडू फुटलं. एका माणसाचा शेवटचा उजेड आपण फोनवरून घालवला, हे तिला राहून राहून टोचत होतं.

तेवढ्यात खोपटहून दिपेशचा फोन आला. तिथे संध्याकाळच्या पाळीला तो एकटाच असायचा.

"वैशाली, जादू केलीस यार! कालपासून लाईन एकदा पण नाही तुटली."

"अरे, इथे मोडेमला करंटच नाहीये..."

"मस्करी नको ना. काका तर कधीपासून टाकतायत. भिवा हजर, भिवा हजर..."

तिने वर पाहिलं. तुटक्या वायरीच्या त्या मोडेमवर हिरवा दिवा लागला होता.

"थांब, नवीन काहीतरी आलं," दिपेश म्हणाला. "वाट दिसली. येतो."

तिने ते रंगूबाईंना सांगितलं. म्हातारीने हात जोडले. "निंगाले गो... सुटले." जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. वैशालीलाही तेच खरं मानायचं होतं.

हिरवा दिवा विझला.

"अरे, इथली लाईट गेली वाटतं," फोनमध्ये दिपेश म्हणाला. मग हळूच, "कोण आहे?... काका?"

आणि कानाशी कालचीच लांब फुंकर आली.