दहावी खुंटी

"हरणाऱ्यानं बायकोचा परकर डोक्याला गुंडाळायचा, हातात खराटा घ्यायचा आणि रविवारी सकाळी अख्खा चौक झाडायचा. जो भेटेल त्याला सांगायचं, 'मी दीडशहाणा.' आहे कबूल?"

शिवगोंडा मगदूमनं हात पुढं केला. शेजारच्या कल्लाप्पा हुपऱ्यांनी, म्हणजे त्याच्या अण्णांनी, त्यावर टाळी दिली. दोघं ज्या भज्यांच्या गाड्यापाशी उभे होते, त्या गाड्याच्या मालकीणबाई रेश्मा नदाफ यांनी झारा वर करून पैज पक्की केली.

"पंच मी. आणि शिवादा, परकर धुतलेला पाहिजे. गिऱ्हाइकं येतात माझ्याकडं."

कल्लाप्पांनी घरी जोडलेला कॉम्प्युटर कालपासून बंद होता. बटण दाबलं की पंखा अर्धी गिरकी घ्यायचा, खट् वाजायचं आणि संपलं. कल्लाप्पांचं म्हणणं, आज नळाला पाणी यायच्या आत तो आपलं दुखणं आपणच सांगेल. शिवगोंडा म्हणत होता, "त्याच्या बापाला सापडणार नाही."

एवढी खात्री असायला कारण होतं. दुखणं त्यानंच दिलं होतं.

इचलकरंजीत शिवगोंडा तीस वर्षं जॉबर होता, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. माग बिघडला की तो डोळे मिटून नुसता उभा राहायचा. खडखडाटात एखादा ठोका चुकला की म्हणायचा, "डावीकडचा पिकर सैल झालाय." आणि धोट्याला टोला देणारा तो तुकडा सैलच असायचा. मग बोलके मदरबोर्ड आले. यंत्र बंद असलं तरी प्लग चालू असेल तर पॉवर सप्लायमधनं चिमूटभर वीज बोर्डाला जातच असते. पूर्वी तिच्यावर एक बारका दिवा तेवढा जळायचा. आता तिच्यावर एक चिप जागी राहायला लागली. ती ऐकायची, बोलायची, कुठं दुखतंय ते सांगायची. आधी घराघरांत आली, मग मागांत. माग स्वतःच सांगायला लागला, "पिकर सैल झालाय." जॉबरला कोण विचारतो?

तेसुद्धा शिवगोंडानं गिळलं असतं. पण कल्लाप्पांनी तसलाच बोर्ड आणला, जोडला, त्याला 'भाचा' म्हणायला लागले आणि चार महिन्यांत कट्ट्यावरचा कॅरम बंद पडला. एकदा खिडकीखालून जाताना शिवगोंडाला अण्णांचं हसू ऐकू आलं. पोट धरून, मधेच श्वास अडकणारं. हे हसू आजवर फक्त शिवगोंडाच्या थापांवर यायचं. आणि आत अण्णा त्याला थाप सांगत होते ती शिवगोंडाचीच! भाचाही नेमक्या जागी हसत होता.

त्या रात्री शिवगोंडाला जेवण गेलं नाही.

काल कल्लाप्पा भाच्याला नव्या डब्यात हलवत होते. बोर्ड टेबलावर, पॉवर सप्लायची वायर अजून लागलेली, शेजारी रिकामा डबा. डब्याच्या तळाला नऊ पितळी खुंट्या. बोर्ड त्यांच्यावर टेकतो, म्हणजे त्याची पाठ पत्र्याला लागत नाही. कल्लाप्पा बीपीची गोळी घ्यायला आत गेले. जादा खुंट्यांची पुडी समोरच होती. शिवगोंडानं एक उचलली आणि बोर्डाला जिथं भोकच नाही तिथं पिळून बसवली. दहावी खुंटी. बोर्ड बसला की ती बरोबर पाठीत टोचणार, वीज भलतीकडं जाणार, पॉवर सप्लाय घाबरून बंद होणार.

"बस आता गप," तो बोर्डाकडं बघून पुटपुटला. "अण्णा माझा आहे."

तर आता कल्लाप्पांच्या पडवीत सगळे जमले. डब्यातनं भाच्याचा झोपेतला बारीक आवाज आला. "मामा, आधी पॉवर सप्लाय बघू. सगळ्या वायरी काढा. मोठ्या टोकातली हिरवी आणि शेजारची काळी पेपरक्लिपनं जोडा. तेवढा वेळ मी नसेन."

"जा जा, निवांत जा," शिवगोंडा म्हणाला.

क्लिप लागली. पॉवर सप्लायचा पंखा गरगरला. म्हणजे तो ठीक. मग रॅमच्या पट्ट्या एकेक काढून झाल्या. फरक नाही. मग भाचा म्हणाला, "मला बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा."

पुठ्ठ्यावर ठेवल्याबरोबर पंखा फिरला आणि भाचा भरदार आवाजात ओरडला, "नमस्कार, मंडळी!" रेश्मानं टाळ्या वाजवल्या. परत डब्यात ठेवला, खट्, बंद. पुन्हा पुठ्ठ्यावर आणला, चालू.

"बाहेर जगतोस, आत मरतोस," कल्लाप्पा म्हणाले. "आत काय आहे रे?"

उत्तर अगदी समोर होतं. बोर्डाकडं सगळे बघत होते, डब्याच्या तळाकडं कुणीच नाही.

गल्लीत नळ फसफसला, बायकांच्या घागरी वाजल्या.

"मला नाही सापडत, मामा."

"हरलात, अण्णा!" रेश्मा म्हणाली आणि पाणी भरायला पळाली.

कल्लाप्पा आपल्या हातांकडं बघत बसले. "माझंच काहीतरी चुकलं जोडताना. हात थरथरतात हल्ली. हा शेवटचा, शिवा. आता नाही काही जोडायचं. उद्यापासनं कॅरमला येतो. सोंगटी तरी नीट जाते का बघू."

कालपर्यंत शिवगोंडाला हेच हवं होतं. आता ते मिळालं आणि तोंडात कडू झालं. कल्लाप्पा घागर घेऊन गेल्यावर तो पुठ्ठ्यावर वाकला.

"तुला खरंच सापडलं नाही?"

"काल प्लग चालू होता, काका."

"म्हणजे ऐकलंस तू."

"'अण्णा माझा आहे.' ऐकलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मामांनी विचारलं असतं, कुणी घातली. मामांना मित्र दोनच. एक कमी झाला असता." मग भाचा म्हणाला, "काकींचा परकर कुठल्या रंगाचा आहे हो?"

"तुला काय करायचंय?" शिवगोंडा खेकसला.

रविवारी कल्लाप्पा खराटा आणि परकर घेऊन मान खाली घालून चौकात आले. रेश्माच्या गाड्यापाशी पन्नासेक माणसं. समोर शिवगोंडा उभा. डोक्याला जांभळा परकर आधीच गुंडाळलेला. त्यानं पितळी खुंटी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"अण्णा, ही दहावी. मी घातली होती. तुझे हात ठीक आहेत. माझं डोकं ठीक नव्हतं."

कल्लाप्पांनी खुंटी घेतली, उलटी-सुलटी करून बघितली.

"जळत होतास?"

"होय."

"डब्यावर?"

"होय की!"

कल्लाप्पांनी खराटा त्याच्या हातात कोंबला. "कोपऱ्यातनं पण झाड. आणि मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

"मी दीडशहाणा! ए पाटील, ऐकलं का? मी दीडशहाणा!"

कल्लाप्पांच्या तोंडून ते हसू फुटलं. पोट धरून, मधेच श्वास अडकणारं. त्यांच्या घराच्या चौकाकडच्या खिडकीतनं भाचाही हसला, नेमक्या जागी.

झाडत झाडत शिवगोंडा त्या खिडकीखाली आला. आयुष्यभर त्यानं थापा मारून गावाला फसवलं होतं, आणि इथं एक बोर्ड नुसता गप्प बसला आणि त्याच्या डोक्याला परकर बांधून गेला.

"खरं सांग, लेका," तो हळूच म्हणाला. "माया केलीस, का माझी गंमत केलीस?"

आत पंखा एका लयीत फिरत होता. तीस वर्षं आवाजावरनं दुखणं ओळखणारा शिवगोंडा डोळे मिटून ऐकत राहिला. एकही ठोका चुकत नव्हता.

"काका," भाचा म्हणाला, "पानटपरीखाली थोडं राहिलंय."

शिवगोंडा खराटा घेऊन वळला. संध्याकाळी कॅरम होता, अण्णांनी तीन खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या. तिसऱ्या खुर्चीवर बसणारा भाचा नेमका कोण होता, मायाळू का बेरकी?