होडीचं तेल

घर्रर्र... आणि मग काहीच नाही.

पुन्हा घर्रर्र — विहिरीवर कुणी रिकामा रहाट फिरवावा तसं — आणि पुन्हा गप्प.

कोन फाट्यावरचं आमचं गॅरेज नुकतंच उघडलं होतं. दोन हजार नऊचा डिसेंबर. धुकं अजून रस्त्यावरच लोळत होतं. मी पंक्चर काढत बसले होते. तो आवाज तिसऱ्यांदा आला तशी हातातली ट्यूब खाली ठेवली आणि बाहेर आले.

बाहेर एक जुनी काळी मोटरसायकल, तिच्या मागे बांधलेली मासळीची निळी पेटी, आणि हँडल धरून उभा असलेला एक उंच, सावळा मुलगा. केसांवर दवाचे बारीक थेंब.

"तुमची बॅटरी गेलेली नाही," मी म्हणाले.

"मी कुटं काय बोललो?"

"बोलणार होतात."

तो हसला. हसताना आधी डोळे हसले, मग ओठ. "दोनदा बदलली बॅटरी. तिसऱ्यांदा बदलायला तुमच्याकडं आलो."

"हॉर्न वाजवा."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी."

त्यानं वाजवला. समोरच्या टपरीवरचे चारही जण वळून बघायला लागले. मी दिवा लावायला सांगितला, मग स्टार्टरचं बटण दाबायला. मोटर घुरघुरली, दिवा मात्र जराही मंदावला नाही.

"बॅटरी धडधाकट आहे. मोटर फिरतेय. पण मोटरनं इंजिनाला धरून फिरवायला हवं ना, ती मधली पकड सुटतेय. स्टार्टर क्लच घसरतोय तुमचा. किक का मारत नाही?"

त्यानं उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. "जाल्याच्या दोरात सापडला होता, दोन वर्सांमागं. एक किक मारली तर गाडी चालू होते, मी बंद पडतो. ह्या बटनावरच माजं पोट हाय, मेस्तरीनबाई. करंजाहून पनवेलच्या हॉटेलात मासली पोचवतो."

"मेस्तरीण म्हणजे मेस्तरीची बायको. मी स्वतः मेस्तरी आहे. किशोरी."

"आनि मी जीवन," तो म्हणाला. "कुनाचाच नवरा नाय."

मी खाली बसले. हसू लपवायला इंजिनासारखी दुसरी जागा नाही! तेलाची कांडी बाहेर काढली, बोटावर थेंब घेतला... काकवीसारखा दाट, बोटाला सोडेना.

"हे कुठलं तेल घातलंय?"

"होडीचं."

"होडीचं?"

"भारीतलं हाय. होडीच्या इंजिनात घालून थोडं उरलं होतं. जे इंजिन एवढी जाली घेऊन खोल दर्यात जातं, त्याचं तेल हिला कमी पडंल काय?"

"कमी नाही, जास्त झालंय! क्लचमधले रोलर थंडीत ह्या चिखलात रुतून बसतात. उठून पकडणार कसे?"

तो ओशाळला. कानाच्या पाळ्या लाल झालेला एवढा मोठा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

आत खुर्चीवर बाबा बसले होते. पनवेल-उरण पट्ट्यात कमळाकर मेस्तरी म्हटलं की लोक आजही गाडी थांबवतात. पण वर्षभरापूर्वी बाबांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. चहाचा कपही त्यांना डाव्या हातानं धरावा लागतो. गॅरेजची जागा एक टाइलवाला मागत होता. एकतीस डिसेंबरला त्याला होकार द्यायचा, असं बाबांनी ठरवलं होतं.

"पंक्चर आणि ब्रेक तू करतेस, ते ठीक," ते म्हणत. "पण इंजिन उघडायला लोक पोरीच्या हातात गाडी देतील का? माझा हात न लागता एक इंजिनाचं काम पक्कं करून दाखव. मग टाइलवाल्याला मी नाही सांगीन."

तीन महिने मी अशा एका गाडीची वाट बघत होते... आणि ती खाऱ्या वासासकट दारात आली होती.

तेल बदलता बदलता टाइलवाल्याची आणि एकतीस तारखेची सगळी गोष्ट मी जीवनला सांगून टाकली. बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्याला बोललं. बाबांनी मान हलवली.

"इंजिन उघडायची गरजच पडली नाही, तर हेच काम धरू. पण तीन दिवस गाडी पळू दे. पोरा, येऊन खरं काय ते सांग."

ते तीन दिवस मी कसे काढले, ते माझ्या पान्यांना विचारा. चहा गार होई, नट हातातून निसटे, आणि उरणच्या बाजूनं येणारी प्रत्येक काळी मोटरसायकल मला ओळखीची वाटे.

चौथ्या दिवशी तो आला. हातात पानात गुंडाळलेली दोन पापलेटं. बाबांनी विचारलं, "काय, चालते ना गाडी?"

मी त्याच्याकडे पाहिलं. एक 'हो' म्हण... एकच. गॅरेज माझं होईल.

त्यानंही माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "दिवसा चालते, काका. पन पहाटं, गारठ्यात... अजून सुटतंय. पाचात दोनदा."

बाबा उठून आत गेले. मी त्याला हाताला धरून टपरीच्या मागे ओढत नेलं.

"तुला सगळं माहीत होतं! टाइलवाला, एकतीस तारीख... सगळं सांगितलं होतं मी! एक शब्द खोटा बोलला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?"

"माजं काय नाय. तुजं बिघडलं असतं." तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. "गॅरेज मिलालं असतं, पन घसरनाऱ्या गाडीवर मिलालं असतं. तुला रातची झोप लागली असती?"

 राग होता, पण तोसुद्धा मोटरसारखा नुसताच फिरत होता, कशाला धरत नव्हता.

"गाडी आत घे," मी म्हणाले. "आज उघडते तिला."

एका पुठ्ठ्यावर मी इंजिनाच्या डाव्या झाकणाची आकृती काढली. जो बोल्ट निघेल, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोवायचा. बोल्ट लांबीला सारखे नसतात; एकाची जागा दुसऱ्याला दिली तर झाकण फुटतं. बाबांनीच शिकवलेली रीत. जीवन बाजूला जमिनीवर बसला, दुखरा पाय लांब करून.

"मी काय करू?"

"गप्प बस."

"ते जमनार नाय. दुसरं काय तरी सांग."

"मग कोडं सोडव." आगरी लग्नात हळदीच्या रात्री बायका कोडी घालतात, तसं मी चालीवर म्हटलं:

"तिघी गं बहिणी, नांदती एका घरी,
पुढं जाई त्याला धरती,
मागं फिरे त्याला सोडती दारी!"

तो विचारात पडला. मी झाकण बाजूला केलं. आत गोल, जड मॅग्नेट... आणि तोच हलेना. मॅग्नेट ओढून काढायचा पुलर लावला, आवळला, आणखी आवळला. हाताला घाम आला. दहा मिनिटं गेली. बाबा कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही. त्यांचा डावा हात हातोडीकडे गेला.

"बाबा, हात नको."

"अगं, तसा तो सुटायचा नाही..."

"सुटेल. बाबा, हात नको."

जीवन उठायला लागला. त्यालाही मी नजरेनं खाली बसवलं. हातोडी मॅग्नेटवर मारायची नसते, आतले चुंबक तडकतात. पुलर अजून अर्धा फेरा आवळला, श्वास धरला, आणि पुलरच्या बोल्टच्या डोक्यावर एकच नेमका टोला दिला.

टक्!

मॅग्नेट माझ्या तळहातात आला. त्याच्या पाठीवर बसलेला क्लच, आणि क्लचमध्ये तीन छोटे रोलर. एक झिजून एका अंगानं चपटा झाला होता. दुसऱ्याची स्प्रिंग मोडली होती. नुसत्या तेलानं हे काय बरं होणार!

"ह्या तिघी बहिनी!" जीवन ओरडला. "रोलर! धरतात, सोडतात..."

"कळलं एकदाचं."

"एक चपटी झाली म्हनून सगलं घर घसरलं," तो हळूच म्हणाला. थट्टा नव्हती त्याच्या आवाजात.

पनवेलच्या बाजारातून मी नवे रोलर, स्प्रिंगा आणि झाकणाचं गॅस्केट आणलं. सगळं धुतलं, पुसलं, बसवलं. क्लचचा गिअर बोटानं फिरवून पाहिला — एका बाजूला पाण्यासारखा मोकळा, दुसऱ्या बाजूला भिंतीसारखा अडलेला. मग बोल्ट एकेक करून पुठ्ठ्यावरून परत आपापल्या जागी. संध्याकाळी गाडी सुरू झाली. बाबा "बरं" एवढंच म्हणाले.

"आत्ता काही बोलू नका," मी म्हणाले. "ही गाडी गारठ्यात सुटते ना? मग गारठ्यात बघू. रात्रभर करंजाच्या धक्क्यावर उघडी ठेव, जीवन. कुणी बटणाला हात लावायचा नाही. सकाळी मी येते."

पहिल्या एसटीनं मी आणि बाबा करंजाला पोचलो. खाडीवरून वारा सुरीसारखा येत होता. होड्या लागल्या होत्या, टोपल्या उतरत होत्या, आणि धक्क्याच्या मधोमध कंबरेला पदर खोचून जीवनची आई, भीमाबाई, मासळीचा लिलाव पुकारत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हीच काय ती? माज्या पोराला तेलावरून बोलनारी?"

"हो, मावशी."

"बरं केलंस. मी बोलून थकले. त्याला सगल्या दुनियेला होडीचंच तेल लावायचंय!" आणि ती परत लिलावाकडे वळली.

मोटरसायकलच्या टाकीवर दवाचा थर होता. मी तो पुसला नाही. अंगठा बटणावर ठेवला. बाबा दोन पावलांवर कान देऊन उभे. जीवन माझ्याकडे बघत होता, गाडीकडे नाही.

दाबलं — आणि इंजिन बोललं. बंद केलं, दाबलं, बोललं. पाचात पाच. इंजिन गार व्हायला अर्धा तास थांबले, अंगठा बधिर झालेला, आणि परत पाचात पाच. एकदाही सुटलं नाही.

बाबांनी खिशातून फोन काढला, डाव्या अंगठ्यानं नंबर शोधला. "हं, कमळाकर बोलतोय. टाइलसाठी दुसरी जागा बघा... नाही, ठरलं. आमची मेस्तरी जागा सोडत नाही."

माझे डोळे भरून आले. मी चटकन समुद्राकडे तोंड केलं. जीवन शेजारी येऊन उभा राहिला.

"किशोरी... मला खोटं बोलता येत नाय, तुला ठावं हाय. म्हनून सरल सांगतो. मला तू पायजेस. जन्माची."

वारा होता, तरी अंगावर ऊन आल्यासारखं झालं.

"माझं गॅरेज कोनला आहे."

"म्हाईत हाय."

"मी ते सोडणार नाही. लग्न झालं तरी रोज नऊला शटर माझ्या हातानं वर जाईल."

"करंजा ते कोन एक तास लागतो. रोज मासली घेऊन त्याच वाटंनं जातो मी. तुला सोडीन, येताना घेईन."

"आणि पावसात?"

"पावसात सव्वा तास. हिशेब केलाय मी."

"कधी केलास?"

"त्या तीन दिवसांत..." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आता तू बोल. हो की नाय?"

मागे हलवा मासळीच्या शेवटच्या टोपलीवर भीमाबाईचा आवाज चढला होता — "हलव्याचा वाटा, शेवटची बोली! घेतंय का कोन? हो की नाय?" — आणि सगळा धक्का क्षणभर शांत झाला.

"हो!" मी म्हणाले. हळू बोलायचं होतं मला, पण आवाज पार होड्यांपर्यंत गेला.

टोपल्यांआडून वीस-पंचवीस माना वळल्या. भीमाबाईनं कंबरेवर हात ठेवले. मला पाहिलं, मग आपल्या पोराला... आणि पान खाल्लेल्या तोंडानं ती लबाड हसली.

"नीट सांग, पोरी. हो कुनाला? हलवा घेतेस की पोरगा?"

मी हात वर केला, बोली लावतात तसा.

"दोन्ही!"