तहानबोळातले ठोके

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्यावर ती गुदरली तो माझा मावसभाऊ. आणि असलं काही रचून सांगण्याची कल्पनाशक्ती त्याच्या अंगात नाही.

घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. त्याचा भाऊ थोरला आणि तो, दोघेही पाणीखात्यात. रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि जमिनीखालची गळती ऐकायची, हे त्यांचं काम.

गेल्या हिवाळ्यात थोरला असाच कामावर गेला.

परतलाच नाही.

तेव्हापासून धाकटा गावातल्या एकेका गल्लीत त्याला शोधत होता.

त्या सकाळी त्याने नेहमीप्रमाणे दाढी केली, बूट पुसले, सळईचं टोक फडक्याने साफ केलं. वहिनीने चहा पुढे ठेवला.

"भाऊजी, आज तरी जेवायला वेळेवर या. तुमच्या भावाचं वळण नको."

तिने हसायचा प्रयत्न केला. ते हसू दोघांनाही झेपलं नाही.

कचेरीत मुकादम म्हणाला, "सगळं गाव पालथं घातलंस. आता छापखान्यामागचा तहानबोळ तेवढा राहिला. पण तिथली लाइन कित्येक वर्षं कोरडी आहे. कोरड्या नळाला कान लावणार असशील, तर आधी डोकं तपासून घे बाबा!"

धाकटा याच गावात वाढला होता. हे नाव त्याने कधी ऐकलं नव्हतं.

भरदुपारी तो बोळात शिरला. छापखान्याची यंत्रं धडधडत होती. जरासा आत गेला आणि... धडधड थांबली.

त्याने वळून पाहिलं. खिडकीतून यंत्रं फिरताना दिसत होती.

बोळातली सगळी दारं विटांनी बुजवलेली. प्रत्येक दाराशी नळ. प्रत्येक नळ पूर्ण उघडा. खाली कोरडी बादली... आणि एकाही बादलीत धूळ नव्हती.

त्याने चेंबरचं झाकण सरकवलं, व्हॉल्व्हवर सळई टेकवली, कान लावला.

काहीच नाही.

मग... टक्-टक्.

त्याने सळई आणखी घट्ट धरली. ही दोघा भावांची खूण. लांबलांब काम करताना ते पाइपवर पाना मारून बोलत. दोन ठोके म्हणजे पाणी 'सोड', एक म्हणजे 'बंद कर'. खात्यात दुसऱ्या कुणाला ती ठाऊक नव्हती.

"दादा! दादा, मी आहे रे!"

टक्-टक्.

त्याने व्हॉल्व्ह फिरवायची चावी घातली, अंगाचा भार टाकून फिरवली. गंजलेला व्हॉल्व्ह कुरकुरत सैल झाला. नळांनी एकदम हवा आत ओढली... श्वासासारखी.

आणि पहिल्या नळातून, टक्-टक्. मग शेजारच्या. मग समोरच्या. सगळा बोळ ठोकू लागला.

सोड. सोड. सोड.

यातला दादा कोणता? आणि बाकीच्यांना ही खूण शिकवली कुणी?

तो रडत रडत चावी फिरवत राहिला. आणखी थोडंसंच...

तेवढ्यात त्या कल्लोळाच्या तळाशी, अगदी खोलवर...

टक्.

एकच.

त्याने पुन्हा सळईला कान लावला. पुन्हा एकच. थकलेला, पण ठाम. कामात घाई केली म्हणून धाकट्यावर आयुष्यभर रागावत आलेल्या माणसासारखा.

धाकट्याने चावी उलटी फिरवली. घट्ट होईपर्यंत.

बोळ गप्प झाला. तो एकटा ठोकाही.

घरी जेवायला वाढता वाढता वहिनीने विचारलं, "काही लागलं का हाताला?"

"नाही, वहिनी. आता शोधायला जागाच उरली नाही."

तिने पातेलं खाली ठेवलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

तो ठोका थोरल्याचा होता, की धाकट्याला तिथून हुसकावू पाहणाऱ्या आणखी कुणाचा? तो आजही मला विचारतो. मी विषय बदलतो.

बोळातून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणालाही न सांगता, त्याने सिमेंट कालवलं आणि ते चेंबर काठोकाठ भरलं. वरून थापी फिरवत असताना ओल्या सिमेंटखालून...

टक्-टक्.

त्याचा हात थांबला नाही. सगळं सपाट होईपर्यंत तो थापी फिरवत राहिला.