पिवळ्या रेनकोटचं माप

युट्रेख्ट या डच शहरात पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. भाड्याची सायकल भिंतीला टेकवून नीलांबरी समोरच्या हॉलमध्ये शिरली, ती फक्त पिवळा रेनकोट निथळेपर्यंत.

आत टेबलांवर पुठ्ठ्याच्या इमारती मांडल्या होत्या. लुई कान या अमेरिकन वास्तुरचनाकाराच्या कामांचं प्रदर्शन. कॅलिफोर्नियातली प्रयोगशाळा तिने लगेच ओळखली... दोन बाजूंना इमारती, मध्ये मोकळं अंगण, समुद्राकडे जाणारी पाण्याची बारीक रेघ.

"दिवा चुकलाय," ती स्वतःशीच पुटपुटली. "समुद्र पश्चिमेला, आणि इथे सूर्य जमिनीवर मावळतोय."

"मग हलवा की."

ती दचकून वळली. मागे एक तरुण उभा होता; हातात कटर, बोटांना डिंक. ही मॉडेलं त्याचीच होती. नाव प्रसन्न, गाव पुणे.

तिने दिवा हलवला. उजेड पाण्याच्या रेघेवरून सरकत आला... आणि प्रसन्नने हातातला कटर खाली ठेवला.

मग दर रविवारी ती फेल्डहोवनहून, तिच्या चिप-यंत्रांच्या कंपनीच्या गावाहून, मॉडेलांचे दिवे लावायला येऊ लागली. प्रसन्न बोलायचा तो लुई कानबद्दलच. पन्नाशीपर्यंत त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या भिंतींमधली ती मोठाली वर्तुळं. ढाक्याची संसद, जी पुरी झालेली त्याला पाहताच आली नाही. नीलांबरी ऐकायची आणि परतीच्या गाडीत गोंधळायची. याला मी हवी आहे — की माझा दिवा? ऑफिसात नॅनोमीटरची चूक पकडणाऱ्या तिला एवढं एक मोजता येईना.

प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी तो म्हणाला, "पुण्याहून नोकरीची ऑफर आलीये. उद्या कळवायचंय."

"छान."

छान? छान काय त्यात... कुठेतरी बघायला हवं म्हणून ती मॉडेलवर वाकली. इमारतीच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून अंगणात कागदाची माणसं उभी होती. त्यांत एक पिवळ्या रेनकोटातली. तिने शेजारचं टेबल पाहिलं. अहमदाबादेतही तीच. ढाक्यातही.

नीलांबरीने मोजपट्टी लावली.

"प्रसन्न, ही सगळ्यांपेक्षा मोठी झालीये. स्केल चुकलं तुझं."

"माहितीये."

"मग पुन्हा कापायची ना."

"कापली." तो खाली बघत डिंक खरवडत राहिला. "पुन्हा तेवढीच होते."

बाहेर पाऊस काचेवर आडवा आपटत होता. नीलांबरीने त्याच्या हातातला कटर काढून घेतला आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"काय करतेयस?"

"याच मापाचा एक माणूस. एवढ्या अंगणात ती एकटी बरी दिसत नाही."

"आणि... पुण्याला काय कळवू?"

"कळव," मान वर न करता ती म्हणाली, "की मॉडेल अजून अपुरं आहे."