घुमटावरची वस्ती

मालवणच्या बंदरावर सकाळचा लिलाव आटोपला की माणसं शेडमधल्या मोठ्या पडद्यापुढे चहा घेऊन उभी राहत. पडद्यावर समुद्राचा तळ दिसे. किनाऱ्यापासून तासाभराच्या अंतरावरचा चांदोरीचा खडक, त्या क्षणी जसा असेल तसा. कुणी तो डोळे लावून पाहत नसे. सहज मान वर करून आभाळ पाहावं, तसं एकदा पाहायचं आणि कामाला लागायचं. गेले काही दिवस मात्र चित्रावर धुरकट ठिपके दिसत होते.

"गो स्वरदा, तुझ्या कॅमेऱ्याक मोतीबिंदू झालो काय?" बाबल तांडेलांनी विचारलं. ते मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष होते आणि स्वरदाला खडकावर नेणारी होडीही त्यांचीच.

"म्हणूनच निघालेय ना, काका."

"नीट पूस हां. दुपारी सभा आसा. मेलेला तरी स्वच्छ दिसांदे."

शेडमधले दोघेतिघे हसले. बाबल मात्र हसले नाहीत.

मागे एका उन्हाळ्यात समुद्र फार तापला आणि खडकावरची प्रवाळं पांढरी पडली. तेव्हा सोसायटीने ठरवलं होतं की पडद्यावर एक तरी जिवंत प्रवाळ दिसत असेल, तोवर खडकाजवळ जाळी टाकायची नाहीत. सगळ्यांनी ते पाळलं. या हिवाळ्यात शेवटची फांदीही विझली. आज सगळ्यांनी पडद्यावर एकदा खात्री करून घ्यायची आणि बंदी उठवायची, असं ठरलं होतं. बंदी उठली की तळ खरवडत नेणारी ओढजाळी येणार, आणि खडक सपाट होणार. स्वरदाला ते ठाऊक होतं. पण तिचं काम काच स्वच्छ ठेवण्याचं होतं आणि काचेने खोटं दाखवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती पाण्यात उतरली. खाली जाताना आवाज एकेक करून मागे राहिले, आधी इंजिनाचा, मग लाटांचा. शेवटी फक्त तिचा श्वास उरला. खडक निळ्या धुक्यातून हळूहळू वर आला, राखेच्या रंगाचा. एखादं गाव सोडून सगळे निघून जावेत आणि घरं तशीच उभी राहावीत, तशा त्याच्या फांद्या उभ्या होत्या.

कॅमेरा तिपाईवर होता. त्याच्यापुढे नारळाच्या अर्ध्या करवंटीहून थोडा मोठा पारदर्शक घुमट. पाण्याखाली सपाट काचेतून दृश्य आक्रसतं, घुमटातून ते रुंद राहतं. त्याची किंमत अशी की घुमटावरचा बारीकसा डागही चित्रात ढगाएवढा होतो. पूर्वी असे घुमट सारखे खरवडावे लागत, कारण समुद्रात ठेवलेली कुठलीही वस्तू समुद्र आपलीशी करतो. आधी बुळबुळीत थर येतो, मग शेवाळ, मग शिंपल्या. आता घुमटावर राखणथर असे, प्रयोगशाळेत घडवलेल्या जिवाणूंचा, केसाहून पातळ. तो शेवाळ खाई आणि ओरखडे भरून काढी.

स्वरदाने नेहमीप्रमाणे आधी रबरी फुग्याने पाण्याची धार मारून वाळू उडवली. फडकं ती कधीच वापरत नसे. फडक्यात वाळूचा कण अडकतो आणि घुमटाला ओरखडा जातो. ती उघड्या तळव्याने पुसे, मधून कडेकडे, एकाच दिशेने. आज तळव्याला खरखर लागली. खसखशीसारखे टणक दाणे. शिंपल्यांची पिल्लं असणार, तिला वाटलं. तिने प्लास्टिकची पट्टी काढली आणि एक दाणा खरवडून कुपीत घेतला. दुसऱ्याला पट्टी लावली तेव्हा त्या दाण्याने अंग आक्रसून घेतलं.

तिचा हात थांबला.

तिने पिशवीतून घुमटावर झाकायची काळी टोपी बाहेर काढली आणि जुने छायाचित्रकार कापडाखाली शिरत तशी ती टोपी घुमटाला आणि आपल्या मुखवट्याला मिळून धरली. सुरुवातीला नुसता अंधार. मग, डोळे सरावले तसा, आतून एक रंग वर आला. मंद हिरवा, त्याच्या कडेला जांभळा. झोपेत कुणी पुटपुटावं तसा तो कमीजास्त होत होता. हे रंग तिने पाहिले होते, पण फार पूर्वी आणि इथेच. जिवंत खडकाचे रंग होते ते.

वर येताच तिने होडीवरूनच आपल्या समुद्र संशोधन केंद्रात नसीम काझींना फोन लावला. राखणथर त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता.

"मॅडम, थर अंधारात चमकतो का?"

"चमकतो की. दिवसभर जो प्रकाश पितो तो रात्री थोडा परत देतो. आकार नाही, नुसता रंग. चित्र बिघडतं म्हणून आपण तो रात्रीच्या चित्रांतून वजा करतो. का गं?"

"अजून हिरवा चमकतोय. जांभळासुद्धा."

"असं कसं? समोर तर सगळं राखाडी आहे."

"थरातल्या पेशी मेल्या असतील, नव्या आल्या असतील. जिवंत खडकाचा रंग परत देण्याची सवय मात्र तशीच राहिली असेल," स्वरदा म्हणाली. बोलता बोलता तिने कुपी उन्हात धरली आणि भिंगातून पाहिलं. दाण्याच्या तळाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या रेषा होत्या. वरचं मऊ अंग पट्टीने चिरडलं होतं. "मॅडम, हे प्रवाळ आहे. प्रवाळाची अर्भकं दुरून प्रवाहाबरोबर येतात आणि रंग बघून जागा निवडतात. या सगळ्या राखेत त्यांना एकच जागा जिवंत दिसली असणार."

"घुमट," नसीम हळूच म्हणाल्या. "म्हणजे आपण जे वजा करत होतो…" वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. "एक मिनिट. मी इथूनच कॅमेऱ्याचं भिंग अगदी जवळच्या अंतरावर आणते."

फोनवर कॅमेऱ्याचं चित्र आलं आणि बाबलनी पडद्यात डोकं घातलं. खडक विरघळला, निळं पाणीही विरघळलं, आणि त्या धूसरतेतून ठिपके स्पष्ट झाले. एकेक ठिपका म्हणजे खालच्या बाजूने दिसणारी चांदणी. तिच्या कडेने पारदर्शक तंतू बाहेर येत आणि आत जात. घुमटभर चांदण्या होत्या.

"ह्यां जिवंत आसा?"

"हो, काका."

बाबल बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ झाले. "आमी खडक राखलो गो. काच नाय राखली. माझे पोटचे दोन झील जाळी बंद म्हणान गोव्याक दुसऱ्याच्या बोटीर गेले ता ह्या वीतभर काचेसाठी काय?"

"ही मोठी झाली की ह्यांची पिल्लं खडकावरच उतरतील. पण जाळी फिरली तर तिपाईसकट जाईल सगळं."

"कितके दिवस लागतले?"

"वर्षं लागतील, काका."

स्वरदाने फोन पुन्हा कानाला लावला तेव्हा नसीम म्हणाल्या, "स्वरदा, आणखी एक गोष्ट त्यांना सांगायला हवी. ही वाढली की घुमट झाकून जाणार. दुसरा कॅमेरा लावला तर त्यालाही हाच थर लागेल आणि ती त्याच्या काचेवरही बसतील. पुसलं नाही, तर वर्षभरात चित्र काळं होईल."

स्वरदाने ते बाबलना सांगितलं. लपवावं असा विचार तिच्या मनात येऊन गेला होता. पण पुसताना जसं काहीही मागे ठेवायचं नसतं, तसंच तिने ते सगळं सांगून टाकलं.

बाबल होडीच्या काठावर बसले. खाली पाणी इतकं शांत होतं, की त्यात काही आहे यावर विश्वास बसू नये. "म्हणजे आज सभेत मी ह्यां दाखवतलंय," ते सावकाश म्हणाले, "आणि लोक ऐकतले. माझा ऐकतले ते. पण पुढच्या वर्साक पडदो काळो. मग त्यांका काय दाखवू?"

तिने कुपीतलं पाणी, त्या चिरडलेल्या दाण्यासह, समुद्रात ओतलं.

बाबलनी इंजिन सुरू केलं नाही. नांगर हाताने ओढला, एक वल्हं तिच्या हातात दिलं, आणि दोघं होडी वल्हवत खडकापासून दूर नेऊ लागली. बरंच अंतर गेल्यावर ते मागे न बघता म्हणाले,

"दिसता तवसर राखणा सोपा, गो. दिसायचा बंद झाल्यावर आमी राखू, असा वाटता तुका?"